चौथीच्या ग्रुपातला पाहुणा

चौथीच्या बाईंचा पारा त्या दिवशी सकाळी शाळेची घंटा व्हायच्या आतच चढला होता. शाळेचा मेळावा आठ दिवसांवर आला होता. हॉलमध्ये पुठ्ठे, दोऱ्या, रंगांच्या बाटल्या आणि अर्धवट फुगवलेले फुगे यांचा नुसता राडा झाला होता. त्यात पालकांच्या ग्रुपवर रात्रीतून एकशे बारा निरोप येऊन पडलेले. त्यातले शंभर नमस्काराचे आणि अंगठ्यांचे. कामाचे किती, तर एक: कुणाच्या तरी मुलाचा डबा हरवला होता. तो डबा बाईंच्या टेबलावरच होता. तसं त्यांनी दोनदा लिहिलंही होतं, पण ते वाचतो कोण?

बाई सव्वीस वर्षं शिकवत होत्या. गोड बोलणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या, पण मुलं त्यांच्या धाकात असायची आणि तरीही दुखलंखुपलं की त्यांच्याकडेच यायची. हल्ली मात्र बाई घरी गेल्या की पिशवी खुर्चीवर टाकायच्या आणि नवऱ्याला म्हणायच्या, "अहो, मला शिकवायला ठेवलंय की टेलिफोन ऑपरेटर म्हणून, तेवढं एकदा विचारून या." नवरा मान हलवायचा आणि स्वतःच्या फोनवर आलेला कसला तरी व्हिडिओ पुढच्या दहा जणांना पाठवायचा.

मधल्या सुट्टीत हॉलमधून रडारड ऐकू आली. बाई धावत गेल्या. मेळाव्याच्या दारावर लावायचा स्वागताचा मोठा फलक जमिनीवर पसरला होता, आणि त्यावर ब्रश धुवायचं अख्खं बादलीभर गढूळ पाणी ओतलेलं. चार मुलांची तीन दिवसांची मेहनत त्यात वाहून गेली होती. शेजारी वर्गाची मॉनिटर हुंदके देत उभी होती. तिला सगळे कॅप्टन म्हणायचे. आणि तिच्या समोर रिकामी बादली हातात धरून उभी होती चौकशी.

चौकशी हे तिचं शिक्षकांच्या खोलीत पडलेलं नाव. ती पोर दिवसभर विचारत राहायची. चंद्र सोबत का चालतो, शून्याला भाग का देता येत नाही, मोठ्या बाई कधी हसत का नाहीत. उत्तर मिळेपर्यंत पिच्छा सोडायची नाही. पण त्या दिवशी बाईंनी "हे काय केलंस?" असं विचारलं तेव्हा चौकशीने ओठ घट्ट मिटून घेतले.

"तोंडाला कुलूप लावलंयस का?"

चौकशीने बादली दुसऱ्या हातात घेतली.

बाईंचा संयम सुटला. त्यांनी तिला वर्गाबाहेर उभं केलं, मेळाव्यातून तिचं नाव काढलं आणि आईला बोलावून घेतलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, जाताजाता विचारलं, "काही गंभीर?" बाई म्हणाल्या, "गंभीर कसलं, नेहमीचंच वात आणणं."

चौकशीची आई कपडे दुरुस्तीचं दुकान चालवायची. ती आली तेव्हा गळ्यात टेप तसाच लोंबत होता आणि बाहीला दोन टाचण्या टोचलेल्या. "बाई, ही असं कधी करत नाही हो," एवढंच ती म्हणाली, आणि लेकीकडे वळली. "बोल गं. मी अर्धवट पँट मशीनवर सोडून आलेय."

तेव्हा चौकशी पुटपुटली, "तिने मला काढलं."

"कुठून काढलं?" बाईंनी विचारलं.

"ग्रुपमधून."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. चौथीतल्या पोरांचा ग्रुप. त्यांना याची गंधवार्ताही नव्हती. आईलाही धड माहीत नव्हतं. तिला वाटायचं, लेक अभ्यासाचं काहीतरी बघते. मेळाव्याची तयारी म्हणून मुलांनी आपापल्या आयांच्या फोनवर ग्रुप केला होता, आणि कॅप्टन तिथेही कॅप्टनच होती.

"ग्रुपमधून काढलं म्हणून तीन दिवसांच्या कामावर पाणी ओतायचं?" बाई म्हणाल्या. "आणि काढलं तरी का तुला?"

"मी विचारलं म्हणून."

"काय विचारलंस?"

"तो कोण आहे, ते."

हा 'तो' कोण, हे बाईंना कळेना. आईने फोन काढून दिला. ग्रुपमधून काढलं असलं तरी आधीचे निरोप त्यात तसेच होते. बाईंनी चष्मा डोक्यावरून खाली घेतला आणि वाचायला सुरुवात केली. पहिली दोन पानं नुसता पोरखेळ. मग एक नंबर बोलायला लागला. त्याला नाव नव्हतं. फोटोच्या जागी कुत्र्याच्या पिल्लाचं चित्र.

तुमच्या बाई रागीट आहेत का, असं त्याने विचारलं होतं. त्यावर सात जणांनी लिहिलं होतं, खूप. एकाने फुरफुरणाऱ्या बैलाचं चित्र टाकलं होतं. बाईंनी ते गिळलं आणि पुढे सरकल्या. मेळाव्याला कुठला ड्रेस घालणार, फोटो टाका. तिघींनी टाकले होते. मग, शाळा सुटल्यावर घरी एकटं कोण असतं? दोघांनी हात वर केल्याचं चित्र लावलं होतं. त्याच्याखाली चौकशीने लिहिलं होतं, तू कोण आहेस, कुणाचा दादा आहेस, नाव सांग. त्याने उत्तर दिलं नव्हतं. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा विचारलं. चौथ्यांदा विचारल्यावर त्याने लिहिलं होतं, ही मुलगी भांडकुदळ आहे, हिला काढा म्हणजे एक गंमत दाखवतो. आणि कॅप्टनने तिला काढलं होतं.

बाईंनी चष्मा काढला. त्या बाकावर बसल्या. समोर संगणकाच्या खोलीच्या दाराशी 'इंटरनेटवर सावध राहा' असा कुलपाचं चित्र असलेला तक्ता टांगलेला होता. तो वर्षभर तिथे होता. त्याच्या खिळ्यावर मुलं टोप्या अडकवायची.

"कॅप्टनला बोलाव," त्या चौकशीला म्हणाल्या. 

कॅप्टनने शपथेवर सांगितलं की तिला तो चित्रकलेच्या सरांचा नंबर वाटला. दुसऱ्याला वाटलं कॅप्टनचा मोठा भाऊ. तिसरीला वाटलं शेजारच्या तुकडीतलं कुणीतरी. बाईंनी सगळ्या वर्गाला एकेक करून विचारलं, आणि प्रत्येकाने दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेतलं. तो सगळ्यांच्या ओळखीचा होता आणि कुणाच्याच ओळखीचा नव्हता.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावरचा पेपरवेट गोल फिरवला. "मेळावा तोंडावर आलाय. पालक बिथरतील. आपण एक परिपत्रक काढू, सावधगिरी बाळगा म्हणून."

"परिपत्रकं वाचतं कोण?" बाई म्हणाल्या. "मी डबा टेबलावर आहे असं दोनदा लिहिलं, तो डबा अजून टेबलावर आहे. तुम्ही मेळावा पुढे ढकला आणि माझ्यासोबत चला. नाहीतर मी एकटी जाते पोलिसांत."

सव्वीस वर्षांत त्या मोठ्या बाईंशी असं कधी बोलल्या नव्हत्या. पेपरवेट थांबला. दोघी मिळून पोलिसांकडे गेल्या. मेळावा पुढे ढकलला गेला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पालकांची सभा ठरली.

सभेत व्हायचं तेच झालं. पहिला अर्धा तास चूक कुणाची यावरच गेला. फोन मुलांना देतंच कोण, असं एक आई म्हणाली, तर तिच्याच मुलाने फोटो मागणाऱ्याला शाबासकीच्या अंगठ्याचं चित्र पाठवल्याचं दुसरीने काढलं. एका वडिलांचा फोन तीनदा वाजला आणि तिन्ही वेळा त्यांनी तो उचलला. कॅप्टनचे वडील उभे राहिले. "माझ्या मुलीला उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करताय," ते तावातावाने म्हणाले. मग कुणीतरी विचारलं, मुळात तो आत आला कसा, आणि ते हळूहळू खाली बसले. मेळाव्याला मदतीचे हात मिळावेत म्हणून त्यांनीच लेकीच्या ग्रुपची लिंक परिसरातल्या पाचशे जणांच्या ग्रुपवर टाकली होती. चांगल्या मनाने. लिंक म्हणजे उघडं दार, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

आता सगळे त्यांच्यावर तुटून पडणार, तेवढ्यात बाईंनी टेबलावर डस्टर आपटला. खडूची धूळ पहिल्या रांगेवर उडाली.

"त्यांना बोलायचं कारण नाही," त्या म्हणाल्या. "आपापले फोन काढा. आपला पालकांचा ग्रुप उघडा. वर्गात मुलं एकतीस. ग्रुपमध्ये नंबर किती?"

अडुसष्ट होते. बाई एकेक नंबर वाचत गेल्या आणि ज्याचा असेल त्याने हात वर करायचा. मोठी माणसं वर्गातल्यासारखी हात वर करू लागली. आई, बाबा, आजोबा, कुणाची मावशी. शेवटी तीन नंबर उरले. एक निघाला दोन वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेल्या मुलाच्या वडिलांचा. दुसरा, स्नेहसंमेलनाला आलेल्या फोटोग्राफरचा. तिसरा कुणाचाच नव्हता. बाईंनी तिथल्या तिथे ग्रुपवर लिहिलं, हा नंबर कोणाचा?

हॉलमध्ये साठेक माणसं आपापल्या फोनकडे बघत बसली. मिनिटभराने सगळ्यांच्या पडद्यावर एकच ओळ उमटली. तो नंबर ग्रुपमधून आपणहून बाहेर पडला होता.

त्यानंतर चूक कुणाची हे कुणी काढलं नाही.

पोलिसांनी मुलांच्या ग्रुपातला आणि पालकांच्या ग्रुपातला असे दोन्ही नंबर घेतले, निरोपांच्या नकला घेतल्या, मुलांशी आयांच्या समोर बसून बोलले. दोन्ही नंबर भलत्याच माणसांच्या कागदपत्रांवर काढलेले होते. ते बंद झाले. त्यांच्यामागे एकच माणूस होता की दोन, हे शेवटपर्यंत कळलं नाही. बाई दर सोमवारी फोन करून विचारायच्या. चौकीतल्या साहेबांना त्यांचा आवाज पाठ झाला. तपास चालू आहे, एवढंच उत्तर यायचं, आणि बाई फोन ठेवून अर्धा तास चिडचिड करायच्या.

सभेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकशीला वर्गासमोर उभं केलं. "माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "फलकावर पाणी ओतणं वाईटच. पण तू विचारत होतीस ते बरोबर होतं, आणि मी तुला शिक्षा केली."

चौकशीने थोडा विचार केला. "पण बाई, तुम्ही कॅप्टनला विचारलंच नाही, मला का काढलं ते. फक्त मलाच विचारलंत."

 "खरंय, तिलाही विचारायला हवं होतं," बाई म्हणाल्या. कॅप्टन मान खाली घालून बसली होती. त्या दोघींनी पुढे नवा फलक एकत्र रंगवला, पण एकमेकींशी न बोलता, एक डावीकडून आणि एक उजवीकडून. बोलणं पुन्हा सुरू करायला त्यांना दोन भांडलेल्या देशांसारखी वाटाघाट करावी लागली: आधी रंगाची बाटली मागण्यापुरतं, मग ब्रशपुरतं.

त्या शनिवारी बाई कपडे दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. माफी आईचीही मागायला हवी, असं त्यांना दोन दिवस टोचत होतं. आई एका जॅकेटची चेन बसवत होती.

"ताई, मी तुमच्या मुलीचं ऐकून घेतलं नाही."

"मी तरी कुठे घेतलं?" आई दातांनी दोरा तोडत म्हणाली. "ती मागे लागते, हे काय, ते काय. मी हातात फोन देते आणि मोकळी होते. बाई, ते अनोळखी माणसाने ग्रुपात ओढू नये म्हणून काय करायचं असतं, तेवढं दाखवाल?"

बाई काउंटरशी उभ्या राहून दाखवू लागल्या. आईला ते पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा तिने भलतंच दाबलं आणि फोनची भाषा बदलली. तोवर पँटची उंची कमी करायला आलेले एक आजोबा मागून डोकावले, आणि म्हणाले, माझाही बघता का जरा. त्यांच्या मागच्या गिऱ्हाइकानेही आपला फोन पुढे केला.

"एकेक जण या," बाई वैतागून म्हणाल्या, चष्मा नाकावर ओढला आणि स्टूल जवळ घेतलं. "आणि मी सांगेपर्यंत कुणीही काहीही दाबायचं नाही."