चढायचं जिन्याने, उतरायचं लिफ्टने

परदेशात, बुकित पंजांग या उपनगरातल्या आमच्या इमारतीत आम्ही पंधराव्या मजल्यावर राहायचो. त्या वर्षी सप्टेंबरपासून मी रोज सकाळी पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाच किलो तांदूळ, अशी तळापासून घरापर्यंत जिना चढत होते. डिसेंबरच्या सुट्टीत मी आणि लेक जॉर्डनला चाललो होतो, तिथल्या वाळवंटातल्या लाल दगडांच्या घळींतून तीन दिवस पायी भटकायला. नवऱ्याला रजा नव्हती. असती तरी तो आला नसता. जिथे सकाळी कॉफी मिळत नाही त्या जागेला तो सुट्टी म्हणतच नाही.

ही टूम माझीच. लेक चौदाची झाली आणि तिच्या खोलीचं दार आणि तिचं तोंड, दोन्ही एकदमच बंद झाली. मी मराठीत चार वाक्यं बोलायचे, उत्तर यायचं इथल्या पोरांच्या इंग्रजीत, "ओके लाह." कालपर्यंत माझ्या मागेमागे असणारी पोर अशी हातची गेल्याचं मला फार लागलं होतं. जिथे दार नाही आणि फोनला रेंज नाही अशा ठिकाणी तरी ती तीन दिवस माझ्या वाट्याला येईल, एवढाच माझा डाव होता.

सरावात मी कसूर केली नाही. नवव्या मजल्यावरच्या चिनी आजींनी मला घामाघूम होऊन तांदूळ वाहताना चार दिवस पाहिलं आणि लिफ्ट बंद असल्याची तक्रार ठोकून दिली. दुरुस्तीवाला आला, त्याने चांगल्या चालत्या लिफ्टकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी त्याच लिफ्टने खाली निघाले होते. कारण चढायचं जिन्याने आणि उतरायचं लिफ्टने, हा माझा नियमच होता. उगाच गुडघे कशाला झिजवा? पुण्यात कॉलेजात असताना गड थोडे का चढले होते? चढताना जीव जातो, उतरणं काय, होतं आपोआप.

जॉर्डनमध्ये जीपने आम्हा दोघींना, गटातल्या आणखी चौघांना आणि गाईडला एका सपाट माळावर आणून सोडलं. मी सॅकचे पट्टे आवळले आणि चढ शोधू लागले. चढ कुठेच नव्हता. गाईडने माझ्या बुटांपुढे बोट दाखवलं. तिथे जमीन संपली होती आणि खोल खाली वाळूची एक बारीक पट्टी दिसत होती. इथे आधी उतरायचं आणि मग चढायचं, हे तीन महिन्यांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला इतकं हसू फुटलं की गाईड काळजीत पडला. हसता हसता मी मात्र कडेपासून चार पावलं मागे सरकले.

गटातली चार तरुण मंडळी भराभर उतरली. त्यांच्या पाठोपाठ लेकही. गाईड सभ्य माणूस. म्हणाला, मुलीला आम्ही सांभाळू, तुम्ही जीपने छावणीवर जाऊन आराम करा. म्हणजे तीन दिवस मी तंबूत चहा पिणार आणि पोर परक्यांबरोबर फिरणार. मी तिथेच बसकण मारली. रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात लेक पुन्हा वर आली. आता ही माझ्यावर चिडणार, असं वाटलं. ती म्हणाली, "बसूनच घसर. मी खाली आहे, माझ्या खांद्यावर पाय दे."

मी घसरले, तिच्या खांद्याला बूट लागला आणि माझा हात दगड सोडून तिला नमस्कार करायला गेला. पाय लागला की नमस्कार, ही लहानपणापासूनची सवय. दोघी धपकन खालच्या कपारीवर आलो. पुढच्या टप्प्याला पुन्हा पाय, पुन्हा नमस्कार, पुन्हा धप्प.

"आई, नमस्कार नको करूस गं, दगड धर!" लेक हसून हसून लालबुंद झाली होती. मग मला आवरेना. माझी पँट मागून फाटली, तिचं कोपर खरचटलं, आणि आमच्या हसण्याचे पडसाद त्या घळीत असे घुमायला लागले की खालची चौघं थांबून वर बघत राहिली. दहा मिनिटांच्या उताराला आम्ही तास लावला.

तळाच्या वाळूवर टेकलो तेव्हा गाईडने माझी पँट पाहिली आणि विचारलं, पुढच्या वळणापर्यंत जीप येऊ शकते, त्यानंतर नाही, बोलावू का? मी तोंड उघडायच्या आत लेकच बोलली.

"शी कॅन, लाह. शी इज विथ मी."

'लाह' त्याला समजलं नसावं, पण तो मान हलवून पुढे गेला. मी खाली वाकून बुटातली वाळू काढत बसले. वाळू फारशी नव्हतीच. लेक सॅक पाठीवर घेऊन उभी होती, माझी वाट बघत.