अंड्यातला खांब

ट्रेलरमधल्या कपाटाचा शेवटचा रिव्हेट उडवला तेव्हा बाल्डर आयनारसन शीळ घालत होता. मग टपावर एसीचं धूड चढवून झालं आणि त्याने स्वतःच्याच पाठीवर शाबासकीची थाप मारायचा प्रयत्न केला. हात पोचला नाही, ही गोष्ट वेगळी.

थोडेच दिवस गेले आणि ट्रेलरचं दार लागेनासं झालं. वरून टेकायचं, पण खालून वीतभर उघडंच राहायचं. मांजर सहज ये-जा करील एवढी फट. शेजाऱ्यांच्या मांजराने ती करूनही दाखवली.

त्याची बायको सोल्वेग काठी टेकत अंगणात आली. तिने दार ढकललं. दाराने तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

"हे काय?"

"उन्हानं फुगलंय. रात्री गार झालं की बसेल जागेवर."

"पंचवीस वर्षं शाळेची बस हाकलीय मी, बाल्डर. उशिरा येणाऱ्या पोरांनी याहून बरी कारणं दिलीत मला."

खरं म्हणजे हा सगळा उद्योग तिच्याचसाठी होता. गेल्या वर्षी सोल्वेगच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि अंड्यांचा मेळावा हुकला. आमच्याकडे, कॅनडातल्या गिमलीत, या बुटक्या फायबरच्या ट्रेलरांना सगळे अंडंच म्हणतात. वरचं कवच, खालचं कवच, मधे जोडपट्टा, आणि आत एक शेगडी नि एकमेकांना कंटाळलेली दोन माणसं. दर उन्हाळ्यात अशी पन्नास-साठ अंडी सरोवराकाठी जमतात. मग तीन दिवस लोक एकमेकांच्या ट्रेलरात डोकावून "हे कसं बसवलं?" असं विचारत हिंडतात. बाल्डर वर्षभर त्या प्रश्नासाठीच जगतो.

यंदा सोल्वेगने आधीच बजावलं होतं, "भिंतीकडे निजायचं आणि उठताना तुझ्या अंगावरून डोंगर चढल्यासारखं यायचं, हे आता मला जमायचं नाही. दोघांना आपापल्या बाजूनं उतरता आलं तर येते. नाहीतर रुना बोलावतेय, मी आपली केलोनाला जाते." रुना ही तिची धाकटी बहीण, दूर केलोना शहरात राहणारी. तिच्याकडे पक्कं घर होतं, ऐसपैस पलंग होता आणि बाल्डर नव्हता. सोल्वेगला बुधवारी संध्याकाळपर्यंत रुनाला काय ते कळवायचं होतं. मेळावा शुक्रवारी होता.

तर पलंग रुंद करायचा म्हणजे दाराशेजारचं उभं कपाट आड येत होतं. ते काढून पलंग रुंद केला. तिला उकडू नये म्हणून टपावर एसी बसवला. सगळं प्रेमानेच केलेलं, आणि म्हणूनच जास्त नुकसानीचं.

ती आली नाही तर आणखी एक गोची होती, पण ती बाल्डर कुणाला सांगत नसे. त्याला ट्रेलर मागे घेता येत नाही. पुढे कितीही लांब नेईल, पण मागे घ्यायचा म्हटलं की तो घडीच्या चाकूसारखा मिटतो. एकदा एकटाच गेला होता, तेव्हा पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात अडकून दोन सँडविचं खाल्ली आणि कुणीतरी येण्याची वाट पाहिली. सोल्वेग मात्र नुसत्या आरशात बघून सुईच्या नेढ्यात दोरा घालावा तसा तो मागे घेते.

माणूस तसा वाईट नाही. चाळीस हिवाळे त्याने विनिपेग सरोवराच्या बर्फाखालून मासळीची जाळी ओढली. बर्फात काही सुधारणा करता येत नाही. ती हौस तशीच साठत गेली असावी आणि निवृत्तीनंतर सगळी त्या बिचाऱ्या अंड्यावर फुटली. टपावर सौर पत्रा आला. दुसरी बॅटरी आली. पायरीखाली दिवा आला. पाऊस आला की आपोआप बंद होणारा पंखा त्याने बसवला, तो बाल्डर शिंकला तरी बंद होतो. ट्रेलर त्याच्या थोरल्या मुलीहून वर्षभराने मोठा, आणि मुलगी म्हणते की बापाने तिच्या दातांकडे इतकं लक्ष कधी दिलं नाही.

मंगळवारी सकाळी नेस्टर पान्किव आला. नेस्टरचं अंडं बाल्डरच्याच सालातलं, त्याच साच्यातून निघालेलं. पण त्याने त्याला आजतागायत बोट लावलेलं नाही, पडदेसुद्धा मूळचेच, नारिंगी फुलांचे. सुधारणा हा नेस्टरच्या मते एक आजार आहे.

"बाल्डी, अंड्याला टेंगूळ आलंय."

"एसी आहे तो."

नेस्टरने आत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलं नाही. मग टोपी काढून छातीशी धरली.

"कपाट कुठाय?"

"काढलं."

"अरे मढ्या, ते कपाट नव्हतं. तो खांब होता. त्यात कपडे ठेवता यायचे, एवढंच. दर मेळाव्यात कुणी ना कुणी हे सांगतंच. तू काय करत होतास तेव्हा?"

"पंखा दाखवत होतो लोकांना."

मग नेस्टरने हाताचं अंडं करून दाखवलं. टप वरून दाबला की पोट बाहेर सुटतं. भिंत फुगते, पण दार जुन्याच बाकाचं राहतं. लागणार कसं? "आणि वर तू हे वासरू बसवलंस," तो एसीकडे बघून म्हणाला.

बाल्डरने एकदा टपाकडे पाहिलं. मग त्याच्या डोळ्यांत पुन्हा ती सुधारणेची चमक आली. सोल्वेग तिला भिते.

"म्हणजे उचललं की पोट आत जाईल."

"जाईल. नाहीतर फाटेल."

"शिडी आण," बाल्डर म्हणाला.

आधी वासरू खाली उतरवलं. टपाने सुस्कारा सोडल्यासारखा आवाज केला. मग नेस्टर घरी जाऊन आपलं अंडं ओढून घेऊन आला आणि दोन्ही ट्रेलर शेजारी शेजारी उभे केले. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा नेस्टरच्या दाराच्या चौकटीला लावून, तिचा बाक पेन्सिलीने उतरवून कापला. तो पुठ्ठा बाल्डरच्या दाराशी धरला. मधे आख्खी मूठ जाईल एवढा फरक होता.

"हे माझं, हे तुझं," नेस्टर म्हणाला. "तुझं पोट बघ."

"पुठ्ठा धर आणि गप बस."

आत पलंगाच्या कडेशी जमिनीवर गाडीचा जॅक ठेवला, त्यावर लाकडी फळीचा उभा दांडा, दांड्याच्या डोक्यावर प्लायचा चौकोन आणि त्यावर घडी केलेलं घोंगडं. बाल्डर हँडल फिरवी आणि बाहेरून नेस्टर पुठ्ठा धरून ओरडे, "आलं. अजून. थांब." मधेच कुठेतरी कडकन आवाज झाला. बाल्डरने हात काढले. बर्फावर पाय ठेवताना असा आवाज आला की तो जागीच थिजायचा, तसाच आत्ता थिजला.

"कुठून आला?" नेस्टर.

"जोडपट्ट्यातून. की माझ्या गुडघ्यातून? थांब, वाकून बघतो." तो वाकला. पुन्हा कडकन झालं. "गुडघाच."

फायबरला घाई चालत नाही. जरा चढवायचं आणि उन्हात मुरू द्यायचं, पुन्हा जरा चढवायचं. मधल्या वेळात सोल्वेगने तळलेले क्लाइनर, म्हणजे आमच्याकडचे शंकरपाळेच, नि कॉफी पुढे ठेवली आणि दोघे भिंतीकडे बघत खाऊ लागले, जणू भिंत त्यांच्यासमोर आत जाताना दिसणार होती. आणि खरोखरच दिसली. बुधवारी दुपारी पुठ्ठा दोन्हीकडून टेकला. बाल्डरने दार ढकललं आणि कडी 'टक्' करून बसली. त्याने उघडलं, लावलं, उघडलं, लावलं. नेस्टरनेही एकदा लावून पाहिलं आणि मग आपण लावलंच नाही असा चेहरा केला.

"आता कपाट घाल परत," तो म्हणाला.

बाल्डरचा हात कडीवरच राहिला. कपाट घातलं तर पलंग जुन्या मापाचा होणार, आणि सोल्वेग केलोनाला जाणार. कपाट नाही घातलं आणि दांडा काढला, तर टप पुन्हा बसणार. संध्याकाळ व्हायला फार वेळ नव्हता. घरातल्या फोनचा खणखणाट ऐकू येत होता.

"रुना असेल," सोल्वेग म्हणाली. "वाजू दे. मला आत बघू दे आधी."

ती आत चढली. नव्या रुंद पलंगावर बसली, आडवी झाली, कुशीवर वळली. बाल्डर दारातून बघत होता. उठताना तिने काठी शोधली. ती बाहेर राहिली होती. मग तिने सहज हात लांब केला, जॅकवरचा दांडा धरला आणि एका झोक्यात उभी राहिली. कुणाच्याही मदतीशिवाय. तिचं तिलाच नवल वाटलं. ती पुन्हा बसली आणि पुन्हा उठली.

"बाल्डर."

"काय?"

"हा काढायचा नाही."

"अगं, तो जॅक आहे. गाडीचा."

"जॅक काढ. खांब ठेव."

 मग बाल्डर जो धावत सुटला, तो पडवीतून लोखंडी पाइप घेऊनच परत आला. पाइपाचं बूड फरशीतून खालच्या लोखंडी सांगाड्याला बोल्टांनी आवळलं. वर प्लायची गोल चकती टपाला टेकवली आणि रेझिन नि फायबरच्या मॅटचे थर देऊन पक्की केली. वासाने नेस्टरचे डोळे भरून आले. तो म्हणाला, हे भावनेमुळे नाही. गुरुवारी सगळं वाळल्यावर बाल्डरने खांबावर जाळ्याची जुनी दोरी गुंडाळायला घेतली. हात घसरू नये आणि लोखंड गार लागू नये म्हणून कोळी जशी घट्ट वेढे घालून बांधतो, तशी. सोल्वेग धरेल तिथे दोरी दुहेरी घेतली.

"इथे?" त्याने विचारलं.

"चार बोटं खाली."

तो चार बोटं खाली सरकला. रुनाला आदल्या संध्याकाळीच फोन लागला होता, तेव्हा सोल्वेग एवढंच म्हणाली, "यैया, पुढच्या वर्षी बघू." आमच्याकडे यैया म्हटलं की विषय संपतो.

गुरुवारी संध्याकाळी आणखी एक भानगड निघाली. दार लागत होतं, पण एवढे दिवस पिळवटून त्याची रबरी पट्टी फाटली होती आणि दुकान बंद झालेलं. नेस्टर घरी गेला आणि एक नवीकोरी, कागदात गुंडाळलेली पट्टी घेऊन आला.

"माझ्या दारासाठी आणलेली. आठ वर्षं झाली."

"मग लावली का नाहीस?"

"मूळचीला काय झालंय?" नेस्टर म्हणाला. "पण ही उसनी आहे हं, बाल्डी. सोमवारी मला दुसरी पाहिजे."

शुक्रवारी सोल्वेगने सरोवराकाठी दोन झाडांमधे अंडं असं मागे घातलं की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळभर लोक दारातून डोकावत होते आणि "हे कसं बसवलं?" विचारत होते. बाल्डरने तोंड उघडायच्या आत सोल्वेग सांगू लागे, "याने कपाट काढलं, तिथून सुरुवात." बाल्डरला तेही चाललं. पंखा दाखवायची आठवण त्याला शनिवारी झाली, आणि तेव्हा पाऊस सुरू झालेला होता.

पाऊस रात्रभर पडला. सकाळी बाल्डरला जाग आली तेव्हा शेजारची उशी रिकामी होती. तो धडपडून बसला. आजवर ती उठली की त्याला कोपराचा ढोसा बसायचा, 'सरक'. आज काहीच कळलं नव्हतं. पलंग कोरडा होता, जमीन कोरडी होती, दार घट्ट लागलेलं होतं. बाहेरून कॉफीचा वास येत होता. त्याने दार उघडलं. सोल्वेग छपराच्या कापडाखाली खुर्चीवर बसली होती. केस विंचरलेले, पाय पसरलेले, आणि काठी कुठे दिसत नव्हती.

"किती वेळ झाला उठून?"

"बराच. घोरत होतास. म्हटलं घोरू दे."

 तेवढ्यात चिखल तुडवत नेस्टर आला. हातात गोधडी होती आणि तिच्यातून पाणी निथळत होतं. त्याच्या पायजम्यावर पडद्यांचा नारिंगी रंग उतरला होता.

"बाल्डी, माझी पट्टी."

"घरी गेल्यावर देतो."

"मी आत्ता भिजलोय."

"आता ही काढली तर सोल्वेग भिजेल."

नेस्टरने सोल्वेगकडे पाहिलं. मग गोधडी पिळून दुसऱ्या खुर्चीच्या पाठीवर टाकली आणि स्वतः त्याच खुर्चीत बसला.

"कॉफी घे, नेस्टर," सोल्वेग म्हणाली.

"कॉफीनं उसनी पट्टी फिटत नाही."

"नाही फिटत," ती म्हणाली. "साखर किती?"