रोलर फिरवणारा माणूस

चिंचोळी एमआयडीसीजवळ आमचा छोटासा क्लब आहे. तिथे गोल्फचा चेंडू होलमध्ये ढकलायला एकच हिरवळ आहे आणि तिचा खरा मालक म्हणजे तिथला माळी. रोज सकाळी तो गवतावर पालथा पडतो, जमिनीला गाल टेकतो आणि कुणी न विचारता निकाल देतो, "आज बॉल पळणार न्हाय." चहा मात्र रोलरवर बसूनच पितो. आपण शेजारी टेकायला गेलो की म्हणतो, "तापलाय लई."

परवाच्या स्पर्धेत शेवटी मी आणि क्लबचे सेक्रेटरी उरलो. आठवडाभर वाढलेल्या गवतावर चेंडू जोरात ढकलायचा सराव मी केला होता. तसाच ढकलला. चेंडू होल ओलांडून थेट पाण्याच्या पाइपाला जाऊन धडकला. सेक्रेटरींनी चेंडूला नुसती स्टिक लावल्यासारखं केलं, तो अलगद होलमध्ये गेला आणि त्यांनी कप नेला.

पहाटे गवत बारीक कापून वर रोलर फिरवला होता, म्हणून चेंडू एवढा पळाला, हे मला नंतर समजलं. माझं डोकंच फिरलं. माळ्याला गाठलं.

"मला का नाही सांगितलंस?"

"शेक्रेटरी सायबांनी फिरव म्हनलं, मी फिरवला की."

"अरे, स्पर्धा होती ती."

"व्हय. म्हून तर त्यांनी सांगितलं. तुमी कुटं काय सांगितलं?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "फुडच्या टायमाला आदी सांगा. तुमच्यासाठी गवत ठिवतो वाढवून."

मी संतापून त्याला खिलाडूपणावर भाषण दिलं. तोवर त्यानं रोलरवर बसून चहा संपवला. मग मी आजूबाजूला बघितलं आणि म्हणालो, "जरा जास्तच वाढव."