आत्याचा सिनेटर

पुतळा दिसला की आत्या चपला काढायची. मग खाली बर्फ असो, नाहीतर गवतावर नुकतंच फवारलेलं औषध. मोजे ओले करून ती पुतळ्यापुढे वाकायची आणि आम्ही गाडीत हीटर लावून बसायचो, शक्यतो दुसऱ्या कुणाची तरी आत्या असल्यासारखे.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. कराडला एकदाच नगरसेविका झाली. वडील असतानाच ती आमच्याकडे अमेरिकेत वेस्ट विंडसरला आली आणि ते गेल्यावरही राहिली. तिचं नगरसेविकापद आमच्या घरात विनोदासाठी राखीव होतं. पाहुणे आले की मी सांगायचो, आमची आत्या पाच वर्षं शिडीवरच होती, आज या पुतळ्याला हार, उद्या त्या. तीही हसायची. म्हणायची, "बाळ्या, चौथऱ्यावर उगाच कुणी कुणाला उभं करत नाही. तुला करतील का?" पन्नाशी उलटलेला, टीम लीड वगैरे असलेला मी, घरात बाळ्याच होतो.

आमच्या जवळच्या एका गावात लायब्ररीशेजारच्या बागेत ब्राँझचा एक सिनेटर उभा आहे. दीडशे वर्षांपूर्वीचा, लांब कोट, एक हात पुढे केलेला. आत्या तिथे रोज फिरायला जायची ती शेजारच्या मिसेस बेलच्या गाडीतून. मिसेस बेल निवृत्त नर्स, कृष्णवर्णीय, आत्याच्याच वयाच्या. आत्याचं इंग्रजी तोडकंमोडकं, त्यांना मराठीचा गंध नाही, पण दोघींची तोंडं बंद नसत. पुतळा जवळ आला की मिसेस बेल मागच्या वाटेने वळसा घालून पुढे यायच्या. त्यांचे गुडघे दुखत असणार, पायऱ्या टाळत असतील, असं आत्याचं निदान होतं.

आत्याला सिनेटरची दया यायची. एवढा मोठा माणूस आणि जयंतीला साधं फूल नाही. एक दिवस तिने मला पाटी वाचायला नेलं. थोर वक्ता, राज्याचा सुपुत्र, वर जन्मतारीख. तेवढंच मी मराठीत सांगितलं, थोडा मसाला घालून. फोन खिशातच होता. डोसा कुठे खावा यासाठी त्याच फोनवर मी अर्धा तास रिव्ह्यू वाचतो.

जयंती ठरली. परसातल्या झेंडूंचा हार आत्याने स्वतः ओवला. इथल्या मराठी मंडळातली चार-पाच टाळकी जमली, शिडी आमच्या गराजमधली. आणि आत्याच्या रिवाजाप्रमाणे हार प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते. प्रमुख पाहुण्या मिसेस बेल.

आत्याने हार त्यांच्या हातात दिला. त्यांनी हाराकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं आणि तो परत तिच्या हातात ठेवला. "तूच घाल, हनी. तू केलायस." मग बाकावर जाऊन बसल्या. आत्याच्या चपला ओल्या गवतात होत्या, त्या उचलून स्वतःशेजारी ठेवल्या. शिडीवर शेवटी मीच चढलो, वर दोन मिनिटं भाषणही केलं. पेढा त्यांनी घेतला, पण खाल्ला नाही, रुमालात गुंडाळला. फोटो मी हौसेने मंडळाच्या ग्रुपवर टाकला.

संध्याकाळी माझ्या लेकीने, इराने तो पाहिला. "बाबा, तू गूगल पण नाही केलंस? सीरियसली?"

गुलामगिरी टिकावी म्हणून हा गृहस्थ सिनेटमध्ये भांडला होता. सुटलेल्या काळ्या माणसांना राज्यात राहूच देऊ नये, असंही म्हणाला होता. पुतळा हलवावा म्हणून गावात मागणी चालू होती आणि तिच्यामागे मिसेस बेलचं चर्च होतं.

आत्याला मीच सांगितलं. ती जेवत होती. हात ताटात तसाच राहिला. मग ताट सरकवून म्हणाली, "आणि मी हार तिच्या हातात दिला?"

मी म्हटलं, त्यांनी मनावर घेतलं नसेल, मी एक मेसेज टाकतो, हात जोडलेला इमोजी टाकतो.

"माफी फोनवर मागतात होय रे?"

सकाळी मला दुभाष्या म्हणून नेलं. दारातच तिने मिसेस बेलचे दोन्ही हात धरले. "आय नॉट नो," एवढंच म्हणाली आणि पुढे मराठीत, "तुम्ही मला अडवलं का नाहीत?"

मिसेस बेल म्हणाल्या, तुला माहीत नव्हतं हे मला माहीत होतं. तू इतकी खुशीत होतीस. आणि दर वेळी मीच सगळ्यांना सांगायचं, याने थकायला होतं. तुझा भाचा इथे वीस वर्षं राहतो, मला वाटलं तो सांगेल.

शेवटचं वाक्य मी गिळलं.

"पुढं काय म्हणाली? तुझ्याकडं बघून बोलली ती."

मग तेही मीच भाषांतर करून सांगितलं. माझ्या आयुष्यातलं सर्वांत अचूक भाषांतर.

आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता आधी विचारायचं. मग वाकायचं." हेही मी मिसेस बेलना इंग्रजीत सांगितलं.

फिरणं बंद होईल अशी तिला धास्ती होती. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी मिसेस बेलची गाडी दारात आली. तेव्हापासून मागच्या वाटेने दोघी जाऊ लागल्या. पुतळा हलवण्याबद्दलच्या गावाच्या सभेतही आत्या त्यांच्याशेजारी जाऊन बसली, काही कळत नसताना, शेवटपर्यंत.

यंदा थंडी सरता सरता आत्या गेली. सिनेटर अजून उभा आहे.

मिसेस बेल भेटायला आल्या, दारात बूट काढून. हातात एक पांढरं फूल. आत्याच्या फोटोपुढे थांबल्या आणि मला म्हणाल्या, "आधी सांग. ही कोण होती?"

मी सुरुवात केली. कराडची, नगरसेविका. आणि पुढे जिभेवर आला तो शिडीचा विनोद. त्याच्यापलीकडे सांगायला काहीच नव्हतं.

मग त्यांनीच मला सांगितलं. कराडच्या मंडईत भाजी विकणाऱ्या बायकांना दिवसभर पाणी न पिता बसावं लागायचं, कारण जायला जागा नव्हती. आत्याने तिथे त्यांच्यासाठी संडास बांधून घेतला. लोक टिंगल करायचे, संडासवाली बाई म्हणायचे. पुढच्या निवडणुकीत तिला पाडलं. चालता चालता सांगितलं होतं तिने, अर्धं इंग्रजीत, अर्धं हातांनी.

"तिथे तिच्या नावाची पाटी आहे?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

मिसेस बेलनी फूल ठेवलं आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकल्या.

फोटोला हार मी सकाळीच घातला होता.