परबकाका आणि लालीचा डावा जॉइंट

गाडीला हात लावायच्या आधी परबकाका मला तिच्यावर बसवायचे, हँडल पूर्ण एका बाजूला वळवायला सांगायचे आणि स्वतः वाळूत मधोमध उभे राहून मला आपल्याभोवती गोल गोल फिरायला लावायचे. डोळे मिटलेले, हात पाठीमागे. गोराईला सहलीला आलेली माणसं फोन काढून हा प्रकार टिपायची. तिसऱ्या-चौथ्या फेरीला पुढच्या चाकातून कट्-कट् असा बारीक आवाज आला की काका एक बोट वर करायचे. "डावो. भायलो जॉइंट." मग डोळे उघडायचे. ते बोट उगाच वर गेलेलं मी कधी पाहिलं नाही.

वडिलांची मासेमारी थांबली तेव्हा भावांनी वांद्र्याला नोकऱ्या धरल्या आणि मी चार एटीव्ही घेतल्या. जाड चाकांच्या, हँडलच्या, वाळूत चारही चाकांनी ओढणाऱ्या गाड्या. लोक किनाऱ्यावर चार फेऱ्या मारतात, किंचाळतात, जातात. गाडीच्या पुढच्या एक्सलला चाकापाशी एक जॉइंट असतो. चाक वळलं तरी ते फिरतं ठेवायचं काम त्याचं. त्यावरचा रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटला की वाळू आत, ग्रीस बाहेर, आणि जॉइंटची वाट लागते. सगळ्यात लाडकी माझी लाल गाडी, लाली. तिचा डावा जॉइंट जात्याच नाजूक.

काका राहायला बोरिवलीला, मूळचे मालवणकडचे. त्यांचे वडील गिरणीत होते, ते स्वतः बसडेपोत फिटर. काकू गेल्यापासून दर गुरुवारी सकाळच्या बोटीने खाडी ओलांडून माझ्या गाड्या दुरुस्त करायला यायचे. येताना डबा आणायचे, पण खायचे माझ्याच घरी आणि वर नावं ठेवायचे. "तुमचो बोंबील बरो. पण सरंगो आमचोच हां, बाय." मी म्हणायची, "मग तिकडनंच आणा ना. मी काय बांधून ठेवलंय तुम्हाला?" ते आणखी एक तुकडी घ्यायचे.

जॉइंट बसवताना एक्सलच्या टोकाला खाचेत तारेची बारीक रिंग असते, तिला आम्ही लॉक म्हणतो. एक्सल जॉइंटमध्ये दाबला की लॉक आत जाऊन बसतं. बाकी सगळे मेकॅनिक मग एक्सल ओढून बघतात, निघत नाही ना म्हणून. काका ओढायचे नाहीत. डोळे मिटून बोटाने चाचपायचे आणि म्हणायचे, "बसला." मी एकदा ओढून बघायला गेले तर माझा हात बाजूला केला. "ओढून बघता तो शिकाऊ. माझा बोट सांगता माका." बुटाची पट्टी आवळणं आणि चाक चढवणं, हे मात्र काम माझं; तोवर ते बोटीच्या वेळेला निघालेले असायचे.

दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर त्यांनी लालीचा जॉइंट बदलला. ते गेल्यावर मी पट्टी आवळायला घेतली आणि एक्सल सरळ माझ्या हातात आला. लॉक बसलंच नव्हतं. तसंच चाक चढवलं असतं, तर वाळूत वेगात असताना चाक अडकून गाडी कोणावर तरी उलटली असती. मी लॉक नीट बसवलं. पुढच्या गुरुवारी काकांनी विचारलं, "कशी चलता?" मी म्हटलं, "झकास."

मग मी दर वेळी ओढून बघायला लागले. तीन महिन्यांत, दिवाळीची वेळ धरून, चार वेळा त्यांचं काम पुन्हा केलं आणि चारही वेळा झकास म्हटलं. साखरेने त्यांची बोटं बधिर होत चालली होती, हे मला चहाच्या गरम ग्लासावरून कळलं होतं. मला चटका बसायचा, ते तो आरामात धरून बसायचे. सांगायचं तरी कसं? गुरुवार सोडला तर त्या माणसाकडे होतं काय? मी स्वतःला फार मायाळू समजत होते.

एका गुरुवारी चष्मा विसरला म्हणून ते धक्क्यावरून परत आले. लालीचा एक्सल माझ्या मांडीवर होता. ते उभेच राहिले.

"किती येळा?"

"आजची धरून पाच," मी म्हटलं.

त्यांनी एक्सल घेतला, डोळे मिटले, टोकावर बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग माझ्यापुढे धरला. "लॉक आसा काय गो ह्याका?"

होतं. ते त्यांच्या बोटाखालीच होतं.

मला वाटलं रडतील, पण ते चिडले. "शेजारच्या किनाऱ्यावर दोन गाड्यो केलंय मी. तू झकास म्हणालंस म्हणान केलंय. कोण मेलो असतो तर काय करतलं होतंस?" त्याच पावली आम्ही रिक्षाने तिकडे गेलो. पहिली गाडी ठीक होती. दुसरीचा एक्सल मी ओढला, तो बाहेर आला. त्या गाडीवर तेव्हा नुकताच एक बाप लेकीला पुढे बसवून फिरवून आला होता. काका वाळूत बसले आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून ठेवले. मी त्यांना उठवू शकले नाही.

त्यानंतरही ते येत राहिले, पण हत्यारांना शिवले नाहीत. खुर्ची टाकून बसायचे आणि मला शिकवायचे. "ओढ. आणखी ओढ. कोणावर विश्वास ठेव नको." मी एकदा म्हटलं, "काका, हात बरे दिसताहेत आज." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू आधीय झकास म्हणालंस." कोणी मारलं असतं तरी मला एवढं लागलं नसतं.

दीड वर्षाने त्यांच्या किडन्या गेल्या. मी दवाखान्यात गेले तेव्हा त्यांचा मुलगा संदीप जिन्यातच भेटला. डॉक्टरांनी हात टेकलेत म्हणाला, पण बाबांना काही बोलायचं नाही, शपथ आहे. मी मान हलवली. आत सून त्यांना सांगत होती की सोमवारी घरी जायचंय. काकांनी मला जवळ बोलावलं.

"सगळे म्हणतत, बरा आसा. तू ओढून बघलंस काय गो?"

संदीप दारात उभा होता. मी काकांचा हात धरला. माझा स्पर्श त्यांना कळत होता की नाही, देव जाणे.

"बघितलं, काका. घरी नाही जाता येणार आता."

त्यांनी डोळे मिटले. मग चादरीवरचं बोट हळूच वर केलं, मी लालीवरून त्यांच्याभोवती फिरताना करायचे तसं. "हां," म्हणाले, "आता तुझा बोलणा खरा धरूक हरकत नाय."

दोन दिवसांनी ते गेले. संदीप अजून माझ्याशी बोलत नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. रोज सकाळी गाड्या बाहेर काढायच्या आधी मी पुढचे आठही एक्सल ओढून बघते. लालीचा डावा सगळ्यात शेवटी घेते, कारण त्यानंतर थोडा वेळ मला काही दिसत नाही.