नळाशी

आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतला तो मदतनीस काचेच्या पेटीत गाडीचा धूर भरायचा, त्यात पांढरी भुकटी उडवायचा आणि अतिनील दिवा लावायचा. हळूहळू मीटरवरचा विषारी वायूचा आकडा उतरायचा. दम्याने खंगलेल्या बायकोसाठी घरातली हवा स्वच्छ करायला मी ती भुकटी मागितली, तेव्हा त्याने बरणी मागे सारली.

“काहून घरी नेऊन राहिले, सर? दिवा इझला का नुसती धूळ हाय हे. वहिनीच्या छातीत जाईन.”

आमच्या सक्करदऱ्याच्या घरी तो तिला भेटायला यायचा, तेव्हा अंगणातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचा, सदरा बदलायचा आणि मगच आत यायचा.

ती गेल्यावर आला, तेव्हाही तो नळाशी बराच वेळ हात चोळत राहिला. मी त्याला थांबवलं नाही. टॉवेल घेऊन शेजारी उभा राहिलो.