मामाच्या तलावाचा जबाब

रोह्याजवळच्या कोळंबीच्या कारखान्यात मी बरीच वर्षं ऑफिसात होते. आत गारठलेल्या खोल्यांत बायका दिवसभर उभ्यानं कोळंबी सोलायच्या आणि मी बाहेर पत्र्याच्या केबिनमध्ये कागद सांभाळायचे. माझ्या हाताला कोळंबीचा वास लागत नाही, याचा मला तेव्हा ताठा होता. पेणहून सकाळच्या पॅसेंजरनं जायचं. वाटेत निडी स्टेशनात गाडी उगाचच थांबून राहायची, तेवढ्यात मी डबा उघडून अर्धी भाकरी उरकून घ्यायचे. आमच्या मिठागरावर राबणाऱ्या घरांतून इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी पहिलीच, त्यामुळे कारखान्यात कुठलाही इंग्रजी कागद आला की तो माझ्या टेबलावर येऊन पडायचा.

ती प्रश्नावलीही अशीच येऊन पडली. आमचा कारखाना लहान. गोठवलेला माल आम्ही मुंबईच्या एका बड्या निर्यातदाराला द्यायचो आणि तो पुढे अमेरिकेला पाठवायचा. तिकडच्या कोळंबीवाल्यांनी आपल्या सरकारकडे तक्रार केली होती, की भारतातली कोळंबी इतकी स्वस्त पडते ती तिथलं सरकार पैसे पुरवतं म्हणून. त्यावर त्यांच्या सरकारनं चौकशी लावली. मदत सिद्ध झाली असती तर तिकडच्या बंदरात आमच्या मालावर जादा कर बसणार होता. म्हणून निर्यातदारानं आम्हाला विचारलं आणि आम्ही कोळंबी वाढवणाऱ्या तलाववाल्यांना विचारायचं होतं: जमिनीला, कोळंबीच्या बियाण्याला, विजेला, यंत्रांना सरकारकडून काय काय मिळालं?

वाचून मला हसूच आलं. आम्हाला माल देणारे तलाव पाच-सहा, आणि त्यांतला एक माझ्या मामाचा. पेणच्या खाडीकडच्या खार जमिनीत, भात नीट येत नाही अशा तुकड्यावर त्यानं तो खणला होता. पाण्यात हवा खेळवणारे पंखे घेण्यासाठी त्यानं अनुदानाचा अर्ज केला होता, त्याला चार पावसाळे उलटले होते. तालुक्याच्या मत्स्य अधिकाऱ्याकडे गेलं की एकच उत्तर, फाईल वर गेली आहे. मामानं शेवटी जुने पंखे कुठून तरी आणून बसवले. आणि इकडे सातासमुद्रापलीकडचं एक सरकार अभ्यास करून सांगत होतं, की या माणसाला फार मिळालं. मला त्याचा रागही आला, पण तेव्हा तो गमतीतला राग होता.

माझे वडील मी लहान असताना गेले. तेव्हापासून आम्हाला सांभाळलं ते मामानं. पावसाळ्यात बांधावरची वाट चिखलानं बुजली की तो मला सायकलवर बसवून, सायकल हातानं ढकलत, रामवाडीच्या रस्त्यापर्यंत कॉलेजला सोडायचा. त्याला स्वतःला सहीपुरतं लिहिता यायचं. "तू इंग्रजी शिक गो," तो म्हणायचा, "आपल्याला कुनी कागद दाखवला तर तो वाचनारा घरात पायजे." मी शिकले. चांगली शिकले.

मग निरोप आला की मामाचा तलाव बघायला माणसं येणार आहेत. आमच्याकडे सगळ्यांनी गृहीत धरलं, गोरे साहेब येणार. मामीनं तर अंगणात सडा घातला. आले ते निर्यातदाराचे दिल्लीचे वकील, घामानं भिजलेले, बुटांना चिखल लागू नये म्हणून बांधावर पाय उचलून उचलून टाकणारे. त्यांच्याबरोबर आमचा मॅनेजर होता, आणि सरकारी माणूस सोबत असावा म्हणून तालुक्याचे तेच मत्स्य अधिकारी.

आमच्याकडे एक रीत आहे. कुणाला सांगून कळायची नाही, पण खाडीकाठच्या घरांत ती लहान मुलालाही ठाऊक असते. आपल्या दारात ज्यानं खाल्लं, त्याच्यात काही कमी आहे असं त्याच्यासमोर बोलायचं नाही. त्याच्याशी भांडण असेल तर त्याच्या दारात जाऊन भांडावं, आपल्या दारात नाही. माझ्या आजोबांनी मिठागराच्या ज्या मालकाशी कोर्टात वाद घातला, त्याच मालकाला शिमग्याला घरी आल्यावर सगळ्यांदेखत मोठेपणा दिला होता. त्यात ढोंग नसतं. ते तसंच असतं.

मामीनं तांदळाची भाकरी आणि खाडीतल्या जिताडा माशाचं कालवण केलं होतं. वकील शाकाहारी निघाले, त्यांनी केळी खाल्ली. अधिकारी मात्र पोटभर जेवले, दोनदा कालवण घेतलं आणि मामीच्या हाताची तारीफ केली. मग तलावाच्या कडेच्या शेडमध्ये खुर्च्या मांडल्या आणि वकिलांनी कागद काढले. ते हिंदीत विचारणार, मामा आपल्या बोलीत सांगणार आणि मी इंग्रजीत जबाब लिहिणार, असं ठरलं.

"आपको सरकार से मदद मिली?" वकिलांनी विचारलं.

मामानं आधी अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकारी दात कोरत पाण्याकडे बघत होते.

"व्हय," मामा म्हणाला. "पंख्यांना दिली. सायेबांची किरपा हाय. सायेब बसल्येत इथं, त्यांनीच सगळं केलं."

माझं पेन थांबलं. अधिकाऱ्यांनी एकदा मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. वकिलांनी मला विचारलं, "क्या बोले?"

तिथं मला काहीही करता आलं असतं. मामाला बाजूला घेऊन विचारता आलं असतं. तो आदरानं बोलतोय, खरं तसं नाही, एवढं वकिलांना सांगता आलं असतं. पण मला माझ्या इंग्रजीचा अभिमान होता. माणूस बोलला ते जसंच्या तसं उतरवायचं, आपलं काही घुसडायचं नाही, हे मी मोठ्या निष्ठेनं पाळत असे. मी लिहिलं की तलावाच्या यंत्रांसाठी तलावमालकाला शासनाची मदत मिळाली. वाक्य अगदी बिनचूक होतं. मामानं खाली सही केली, मग भाषांतर करणारी म्हणून मी केली. निघताना अधिकारी म्हणाले, "एक प्रत मलाही द्या, फाईलला लावतो." मी दिली.

ते गेल्यावर मी मामावर चिडले. "मामा, तू असं का सांगितलंस? पंख्यांचा पैसा कधी मिळाला तुला?"

तो भांडी आत नेत होता. "त्याच्या तोंडावर नाय कसा म्हनू गो? आताच जेवलाय आपल्याकडं. आनि बोलल्यानं काय जातंय? उलट त्याला बरं वाटंल, आपली फाईल हलवंल."

आठवडाभरानं मॅनेजरनं मला केबिनमध्ये बोलावून निर्यातदाराचं पत्र दिलं. वकिलांचा सल्ला होता, की ज्यांच्या जबाबात सरकारी मदतीचा उल्लेख आहे त्यांचा माल चौकशी संपेपर्यंत घेऊ नये. बाकीच्या सगळ्या तलाववाल्यांनी नाही म्हणून लिहून दिलं होतं. त्यांच्याकडे कुणी जेवलं नव्हतं. दोघांना तर खरंच बियाण्यासाठी थोडंफार मिळालं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

मी मॅनेजरला सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं मुंबईला निर्यातदाराकडे फोन लावला आणि स्पीकर चालू ठेवला. पलीकडून कुणीतरी थंडपणे म्हणालं, सही केलेला जबाब आता फिरवला तर संशय वाढेल, आणि त्या एका तलावापायी सगळा माल अडकेल. मॅनेजरनं फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाषांतर तुमचंच आहे ना?"

मामाची कोळंबी तेव्हा तयार झाली होती. तयार झालेली कोळंबी तलावात ठेवता येत नाही. पाणी बिघडतं, रोग शिरतो आणि दोन दिवसांत तळाला मेलेल्या कोळंबीचा थर लागतो. आजूबाजूचे कारखाने त्याच निर्यातदाराला बांधलेले, त्यामुळे तेही नको म्हणाले. पत्र आल्याच्या सहाव्या दिवशी सकाळी काही कोळंबी काठाला येऊन पडून राहू लागली. मामानं ओहोटी बघून तलावातलं पाणी खाडीत सोडलं आणि जाळं टाकलं.

मी रजा टाकून गेले होते. सगळा माल टोपल्यांत भरून पेणच्या बाजारात नेला. एका दिवसात एवढी कोळंबी खाणारं पेण नाही. दुपारनंतर बर्फ वितळला. मामी रस्त्याच्या कडेला बसून येईल त्या भावाला देत होती, संध्याकाळी तर ओळखीच्यांना तशीच वाटत होती. मामा टोपल्यांच्या मागं उभा होता. कोणी विचारलं की सांगायचा, "कारखान्याचं काय तरी चाललंय." त्यानं माझं नाव घेतलं नाही. मला तेच सगळ्यात लागलं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते.

पुढं चौकशीचं काय झालं ते मला नीट कळलं नाही. पेपरात कधीतरी चार ओळी आल्या. मामाकडे पुन्हा बी टाकायचं बळ उरलं नव्हतं. तलाव तसाच पडून राहिला, आणि दोन पावसाळ्यांनी मोठ्या उधाणात बाहेरच्या बांधाला खांड पडली. समुद्राचं पाणी आत घुसलं. शेड गेली, पंखे चिखलात रुतले. गावानं मिळून माती टाकून खांड बुजवली, पण तलाव गाळानं भरून सपाट झाला होता.

तेव्हा मामाला त्या फाईलची आठवण आली. "आता तरी ती काढायला पायजे," तो म्हणाला. "नवीन पंखे आले तर मी पुन्हा करीन. माझा हात अजून चालतोय." तोपर्यंत त्याचे गुडघे गेले होते. मी त्याला रिक्षानं पेणच्या कार्यालयात घेऊन गेले. तो बाहेरच्या बाकावर बसला, मी आत गेले.

जुने अधिकारी बदलून गेले होते. कारकून भला होता, त्यानं कपाटातून फाईल शोधून काढली. तिच्यावर शेरा होता: अर्जदारास लाभ मिळाल्याचे त्याने स्वतः लेखी कबूल केले आहे, सबब प्रकरण बंद. "एकदा लाभ घेतला की परत मिळत नाही हो," कारकून म्हणाला. मी म्हटलं, लाभ मिळालाच नाही. त्यानं पान उलटून पुरावा दाखवला. माझंच अक्षर होतं. अजून वाचायला छान वाटत होतं. खाली मामाची वाकडीतिकडी सही आणि तिच्याशेजारी माझी.

मी बाहेर आले. मामा काठीवर दोन्ही हात ठेवून बसला होता. "काय लिवलंय?" त्यानं विचारलं. कागद वाचणारी घरात एकच होती.

"फाईल सापडत नाही म्हणतात," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली आणि उठायला माझा हात धरला. "सापडंल," तो म्हणाला. "तो सायेब चांगला होता. आपल्याकडं जेवून गेलाय."